जुन्या नाण्यातली चूक नेमकी कुठे झाली: टांकसाळीत की आपल्या घरात?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या चौरंगावर एक पितळी डबा येतो. माझ्या आजेसासूबाईंचा. आत बडोदा संस्थानाचे तांब्याचे पैसे, राणीछाप रुपये, दोन-तीन भोकाचे पैसे आणि दर वर्षीचं थोडं थोडं हळदकुंकू. चार वर्षांपूर्वी डबा आवरताना सयाजीराव महाराजांच्या काळातला एक पैसा हाताला लागला. छाप्याच्या बाजूला घोड्याची टाप आणि तलवार, अगदी ठसठशीत. उलटवून पाहिलं तर संवताचे तीनच आकडे दिसत होते: १९४, आणि पुढे कोरी जागा.

चौथा आकडा कुठे गेला, हे शोधताना मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात अजूनही कितीतरी मराठी घरांच्या देव्हाऱ्यांत अशी नाणी आहेत आणि मांडवीपासच्या गल्ल्यांत 'मिस्टेकवाला सिक्का' म्हणून काहीही विकलं जातं. नवख्या माणसाला दोन्हीकडे उपयोग व्हावा.

आधी हात आवरा

नाण्यात काही वेगळं दिसलं की आपला पहिला विचार असतो ते चिंचेने घासायचा. कृपा करून घासू नका. लिंबू-मीठ नको, राख नको, दात घासायची पेस्टही नको. तांब्यावर शंभर वर्षांत चढलेला काळपट तपकिरी थर हाच तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे. एखादी खोच टांकसाळीतून आलेली असेल तर तिच्या आतही तोच थर बसलेला असतो. गेल्या महिन्यात कोणी कानस फिरवली असेल तर तिथे धातू लालसर आणि ताजा दिसतो. चिंचेने हा फरक एका मिनिटात पुसला जातो आणि परत येत नाही.

कुंकू किंवा माती अडकली असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा. मऊ सुती कापडावर ठेवून टिपा, चोळू नका. नाणं नेहमी कडेला धरा.

साहित्य फार लागत नाही. दहापट दाखवणारं भिंग, म्हणजे सराफ डोळ्याला लावतात तसं. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. एक चुंबक. हलवता येईल असा एकच दिवा. आणि त्याच प्रकारचं दुसरं, बिनचुकीचं नाणं. हे शेवटचं लोक विसरतात. बरोबर नाणं कसं असतं हे डोळ्यात बसल्याशिवाय चुकीचं ओळखता येत नाही.

मोदकाचा साचा आठवा

नाणं कसं बनतं ते दोन ओळींत सांगते. धातूचा पट्टा लाटून त्यातून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांच्या कडा उचलून घेतात, तापवून मऊ करतात आणि मग दोन पोलादी ठशांच्या मध्ये ठेवून दाबतात. त्या क्षणी चकती बाहेर पसरू नये म्हणून भोवती एक कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. ठशावर सगळं उलटं आणि खोल कोरलेलं असतं, म्हणून नाण्यावर ते सुलटं आणि उंच उमटतं.

आता गणपतीतला मोदकाचा साचा डोळ्यांसमोर आणा. साच्याला आतून चीर गेली तर त्या दिवशीच्या प्रत्येक मोदकावर त्याच जागी उंच रेघ येणार. एखाद्याच मोदकाला नख लागलं तर फक्त त्याच्यावर खळगा पडणार. आणि साच्याच्या एका पाकळीत आधीच्या मोदकाचं पीठ चिकटून राहिलं, तर पुढच्या मोदकाची ती पाकळी उमटणारच नाही.

ही तीन वाक्यं पक्की लक्षात ठेवा, कारण जवळजवळ सगळा तपास त्यांच्यावर चालतो. उंच खूण दिसली तर ठशाकडे बघा. खोल खूण दिसली तर आधी वापर, इजा आणि छेडछाड तपासा. काही नाहीसं झालं असेल तर ठसा भरला होता, घाव कमी पडला, चकतीतच खोट होती, की नंतर कोणी खरवडलं, हे एकेक करून वगळत जा.

पहिली पायरी: हातघडणीचं की यंत्राचं?

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. बडोद्याचा जुना बाबाशाही रुपया हाताने ठोकलेला आहे. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा माणसाच्या हातात, आणि त्यावर हातोड्याचा घाव. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर कधीच मावत नसे. एकावर फारसी मजकुराचा वरचा भाग, दुसऱ्यावर खालचा, तिसऱ्यावर राजाचं नागरी आद्याक्षर अर्धं कापलेलं. कड वेडीवाकडी, जाडी असमान. हे त्या पद्धतीचं रूप आहे, दोष नाही. अशा नाण्याला कोणी 'ऑफ-सेंटर एरर', म्हणजे नक्षी मध्यावरून सरकल्याची चूक, म्हणून जास्त पैसे मागितले तर नम्रपणे नकार द्या.

चांदीच्या जुन्या रुपयांवर लहान लहान ठोसे, चांद्या, फुल्या दिसतात, त्याही टांकसाळीतल्या नाहीत. सराफ चांदी पारखताना नाण्यावर खूण करत, त्या सराफी खुणा आहेत. मला त्या फार आवडतात. नाणं किती हातांतून गेलं ते त्या सांगतात. पण तपासाच्या वहीत त्यांची नोंद 'वापर' या रकान्यात करायची.

हातघडणीतही खरी चूक होतेच. दोनदा घाव बसून अक्षरं एकावर एक आलेली दिसतात, किंवा एका बाजूला आरशातली प्रतिमा येते. मात्र नवख्याने सुरुवात यंत्रावरच्या नाण्यांपासून करावी. सयाजीराव महाराजांच्या राज्यात, १८७५ नंतरच्या काळात, बडोद्यात यंत्रावर पाडलेले तांब्याचे पैसे आले. ते गोल, एकसारखे आणि पूर्ण मजकुराचे आहेत, म्हणून त्यांच्यात बिघाड झाला तर तो उठून दिसतो.

दुसरी पायरी: वजन

वजन आधी करा, भिंग नंतर. ब्रिटिश अमलातल्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि तांब्याच्या पाव आण्याचं सुमारे ६.४८ ग्रॅम ठरलेलं होतं. पाव आणा १९०६ पासून ब्राँझचा झाला आणि हलका झाला, हे ठाऊक नसलं की 'हलक्या चकतीचा एरर' सापडल्याचा आनंद फुकट जातो. बडोद्याच्या पैशांतही जाड आणि पातळ असे दोन प्रकार मिळतात. म्हणून तुलना त्याच प्रकाराशी आणि शक्यतो त्याच संवताच्या नाण्याशी करा.

झिजेने वजन थोडं कमी होतं आणि तेवढ्याच मानाने नक्षीही पुसट होते. नक्षी कोरीव आणि वजन मात्र बरंच कमी, असं असेल तरच चकतीवर संशय घ्या. तांबं, चांदी, ब्राँझ चुंबकाला चिकटत नाहीत. जुना म्हणून दिलेला पैसा चुंबकाला चिकटला तर पुढचा तपास तिथेच थांबवा.

तिसरी पायरी: तिरका उजेड

खोलीतले दिवे बंद करून एकच दिवा नाण्याच्या पातळीवर, आडवा ठेवा आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. उंच रेघेची सावली दिव्याच्या पलीकडे पडते. खोल रेघेत ती दिव्याच्या बाजूच्या काठाशी बसते. दोन-चार संध्याकाळी सराव केला की डोळ्याला ते आपोआप कळू लागतं. सुरुवातीला सावलीने फसायला होतं, म्हणून शेजारी माहितीचं अक्षर ठेवून पाहा: अक्षर नक्की उंच असतं, त्याच्या सावलीशी ताडा.

कडेपासून आत गेलेली केसासारखी उंच, किंचित वेडीवाकडी रेघ ही ठशाला गेलेली भेग असते. ठशाचा कडेचा तुकडाच उडाला असेल तर नाण्याच्या कडेला धातूचा उंच, बिननक्षीचा ढेकूळ दिसतो. पूर्ण नक्षीच्या मागे, मोकळ्या जागेत दुसऱ्या बाजूच्या नक्षीच्या अंधुक उलट्या बाह्यरेषा दिसल्या तर मधे चकती नसताना दोन्ही ठसे एकमेकांवर आदळलेले असतात.

चौथी पायरी: खूण कोणत्या क्षणाची आहे ते ठरवा

घावाच्या आधीची चूक चकतीत असते. पट्ट्यातून चकत्या कापताना पट्टा पुरेसा सरकला नाही तर नवी चकती आधीच्या भोकावर कापली जाते आणि तिला चंद्रकोरीसारखा घास घेतलेला दिसतो. हा घास टांकसाळीतला की कोणी कापलेला, यासाठी एक सुंदर खूण आहे: घासाच्या बरोबर समोरच्या टोकाची उभार कड बघा. कडा उचलणाऱ्या यंत्रात एका बाजूला धातूच नसल्याने समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही, म्हणून तिथली कड बऱ्याचदा पुसट किंवा नाहीशी असते. घासाजवळची अक्षरंही किंचित ओढल्यासारखी दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते, अक्षरं सुरीने कापल्यासारखी मधेच संपतात आणि कापाच्या भिंतीवर कानशीचे ओरखडे दिसतात.

धातूत हवा किंवा कचरा राहिला तर पृष्ठभागाचा पापुद्रा सुटतो. कळशाच्या पाण्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या किंवा नदीतून काढलेल्या नाण्याला पडलेले खड्डे वेगळे. ते गोलसर, सगळीकडे विखुरलेले आणि बऱ्याचदा हिरवट असतात.

घावाच्याच क्षणी झालेली चूक सर्वांत नाट्यमय असते. चकती नीट बसली नाही तर नक्षी एका बाजूला सरकते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर उरते. कॉलर वेळेवर वर आली नाही तर नाणं पसरून नेहमीपेक्षा मोठं होतं.

आणि ब्रोकेज. यावर थोडं थांबू या, कारण खोटेपणाही इथेच जास्त आहे. पाडलेलं नाणं कधी कधी खाली न पडता वरच्या ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती येते, घाव बसतो. तिच्या खालच्या बाजूला खालचा ठसा नेहमीसारखा उमटतो, पण वरच्या बाजूला ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याचा चेहरा रुततो. परिणाम असा की एका बाजूला सुलटी, उंच नक्षी आणि दुसऱ्या बाजूला तीच नक्षी उलटी, खोल. तीच नक्षी, हे महत्त्वाचं. एका बाजूला उंच तलवार असेल तर दुसऱ्या बाजूला तलवारच खोल दिसली पाहिजे.

खोटं करणारा दोन नाणी शेगड्यात, म्हणजे लोहाराच्या पकडीत, एकमेकांवर ठेवून आवळतो. मग एका नाण्यावर दुसऱ्याची खोल प्रतिमा येते खरी, पण तिच्याखाली मूळ अक्षरांचे अवशेष लपत नाहीत आणि पकडीच्या जबड्याला टेकलेली मागची बाजू चेपते. खऱ्या पूर्ण ब्रोकेजमध्ये खोल बाजूवर त्या प्रतिमेशिवाय दुसरं काहीही नसतं. भिंगातून मोकळ्या जागा तपासा. मूळ अक्षराचा एखादा काना, एखादी मात्रा डोकावली की नाणं परत द्या.

अक्षरं दुहेरी दिसणं हा आणखी एक घोळाचा विषय. ठसा घडवतानाच प्रतिमा दोनदा बसली असेल तर दुसरी प्रतिमाही गोलसर, पूर्ण उंचीची असते, अक्षरांची टोकं दुभंगलेली दिसतात आणि त्या ठशाच्या सगळ्या नाण्यांवर ती तशीच येते. घावाच्या वेळी ठसा सैल असून थरथरला तर अक्षराच्या बाजूला फक्त सपाट, बुटकी पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. दुसरा प्रकार अगदी सर्रास आढळतो, त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

पाचवी पायरी: आपल्या घरांनी केलेल्या खुणा

मराठी घरातलं नाणं हे आधी पूजेचं, मग दागिन्याचं आणि मग संग्रहाचं. म्हणून आपल्याकडे ही पायरी वेगळी ठेवावी लागते. पंचामृताने वर्षानुवर्षं धुतलेलं नाणं एका बाजूला जास्त झिजतं. हळदकुंकू अक्षरांच्या कोपऱ्यात घट्ट बसून अक्षर गायब झाल्यासारखं वाटतं. माळेसाठी लावलेली कडी नंतर काढली की कडेला डाकाचा उंचवटा उरतो, आणि 'उंच खूण म्हणजे ठसा' या नियमाने नवखा माणूस तिथे फसतो. त्या उंचवट्याचा रंग वेगळा असतो आणि तो कडेच्या बाहेरच्या भिंतीवरही पसरलेला असतो, यावरून ओळखा.

१९४३ ते १९४७ दरम्यानच्या भोकाच्या पैशाचं भोक सरकलेलं दिसलं तर भोकाची आतली भिंत पाहा. ती बाकीच्या नाण्याइतकीच जुनी, काळवंडलेली हवी. चकचकीत भिंत आणि काठाला धारदार कंगोरा म्हणजे ड्रिल.

आणि काही वेळा टांकसाळीची, घराची, कोणाचीच चूक नसते. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो. लोकांनी नाराजी दाखवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून कोरला गेला. ठसा हुकमाप्रमाणेच होता. चित्रच तसं काढलेलं होतं, म्हणून त्याला पाडताना झालेली चूक म्हणता येत नाही.

एक सूचना कायद्याची. जुना वाडा पाडताना भिंतीतून किंवा जमिनीतून नाणी निघाली तर ती आपली समजून वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाच्या सापडलेल्या ठेव्याची खबर कलेक्टरना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवायलाही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा अटकाव आहे. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायच्या आधी हे ध्यानात घ्या.

आमच्या पैशाचा तपास

आता तो १९४ वाला पैसा. वर लिहिलेल्या क्रमानेच गेले.

आधी दोन दिवस पाण्यात ठेवला. आकड्यांच्या जागेतून कुंकवाची लाल धूळ निघाली तेव्हा वाटलं, झालं, एवढंच होतं. पण कुंकू गेल्यावरही चौथा आकडा दिसला नाही. वजन डब्यातल्या दुसऱ्या पातळ पैशांशी जुळलं, म्हणजे चकतीवर संशय नको. मग दिवा आडवा केला. कोणी आकडा खरवडला असता तर ती जागा आजूबाजूपेक्षा खोल आणि ओरखड्यांची असती. ती सपाट होती, शेजारच्या मोकळ्या जागेच्या पातळीत, आणि तिच्यावर तोच तपकिरी थर होता. छेडछाड बाद.

घाव कमी पडला असेल का? तसं असतं तर नाण्याच्या पाठीमागे, बरोबर त्याच जागीही नक्षी पुसट हवी होती. उलटवून पाहिलं: तिथली अक्षरं खणखणीत. शिवाय शेजारचा ४ पूर्ण उंचीचा होता. म्हणजे ठशावरच्या त्या एका आकड्याच्या खळग्यात काहीतरी भरलं असणार. यंत्राचं वंगण आणि धातूची धूळ मिळून असा चिकट गोळा बनतो, अगदी मोदकाच्या पाकळीत अडकलेल्या पिठासारखा.

एवढ्यावर मी वहीत 'भरलेला ठसा, बहुधा' असं लिहून ठेवलं. 'बहुधा' मला टोचत होतं. पण भिंगातून आणखी एक गोष्ट दिसली होती आणि तिचं चित्र मी काढून ठेवलं होतं: त्याच बाजूला कडेपासून आत, एका अक्षराच्या कान्याच्या दिशेने निघालेली उंच, बारीक रेघ. ठशाची भेग. कान्यापर्यंत पोचायच्या थोडं आधीच ती थांबत होती.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या घरची सुपारी-नाण्यांची वाटी बघायला मिळाली. "घे गं, तुला हवं ते बघ, फक्त मोजून परत ठेव," म्हणाल्या. सातवा की आठवा पैसा भिंगाखाली आला आणि ती रेघ समोर होती. तीच जागा, तेच वळण. फक्त आता ती कान्याला भिडून पलीकडे गेलेली होती, म्हणजे हा पैसा त्याच ठशातून, पण आमच्या पैशानंतर पाडलेला. आणि संवत पूर्ण होता: १९४९. ठसा पुसला गेला असेल किंवा घावांच्या दणक्याने गोळा सुटला असेल, आकडा परत उमटू लागला होता. संवत १९४९ म्हणजे इसवी सनाचं १८९२-९३.

वहीतलं 'बहुधा' मी त्या दुपारी खोडलं. दोन्ही नाण्यांचे एकाच उजेडात, एकाच मापाने फोटो काढले, रेघेची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिली, आणि आत्याबाईंचा पैसा मोजून त्यांच्या वाटीत परत ठेवला.